‘बळद’ : कादंबरीच्या कामाच्या नोंदी

१४ जून

आराखडा पक्का झाला. काळ ऑगस्ट २०१९, महापूर ओसरल्यावरचे दिवस. जागा कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतला एक जुना वाडा, गल्लीच्या नदीकडच्या टोकाला. अश्विनी चाळिशीची, पुण्याहून येते. लहानपण याच घरात गेलेलं. घर बिल्डरला द्यायचं ठरलंय. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्यात, राहिलीय ती फक्त आत्तीची. आत्ती ऐंशीची. पुराचं पाणी सोप्यात शिरलं तरी ती बोटीत बसायला तयार नव्हती. शेवटी गल्लीतल्या पोरांनी खुर्चीसकट उचलली. बोट गल्लीबाहेर पडेपर्यंत ती एकच विचारत होती, “कडी घातलासा का?”

कुठल्या दाराची कडी, हे अश्विनीला माहीत नाही. त्या घरात वाढूनही तिनं कधी विचारलेलं नाही. कादंबरी इथून सुरू होईल.

१९ जून

वाड्याचा नकाशा मोठ्या कागदावर काढला. भीतीच्या कादंबरीत आधी घर उभं राहिलं पाहिजे. वाचकाला डोळे मिटून दिंडीपासून परड्यापर्यंत चालता आलं, तरच पुढे अंधारात एक दार जास्तीचं निघाल्यावर त्याच्या पोटात गोळा येईल.

दिंडीदरवाजा पश्चिमेला. त्याला आतून अडसर, दिवसा भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचा आणि रात्री ओढून समोरच्या भोकात बसवायचा सागवानी वासा. मग ढेलज, चौक, चौकाच्या बाजूंना सोपे, समोर माजघर. माजघरात दिवसाही दिवा लागतो. मागे स्वयंपाकघर, न्हाणी, परडं, आड. माडीचा जिना भिंतीच्या जाडीतूनच चढतो, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. आणि माजघराच्या उत्तरेच्या भिंतीत बळद.

ज्यांनी बळद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी कादंबरीत एक परिच्छेद लागेल. भिंतीच्या जाडीत ठेवलेली धान्याची कोठी. वर माडीतल्या झाकणातून भात ओतायचं, खाली कमरेएवढ्या उंचीच्या लाकडी दारातून काढायचं. दाराला बाहेरून कडी. किडा लागू नये म्हणून फटी शेणामातीनं लिंपून घ्यायच्या. लिंपलेलं दार सारवलेल्या भिंतीत दिसतही नाही, आणि पुढे कणगी ठेवली तर संपलंच.

घरात वेगळी म्हणावी अशी हीच एक जागा ठेवायची. कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांचा विषय निघाला की पन्हाळ्यापर्यंत जाणारं भुयार निघतंच. ते नको. तळघर नको, गुप्त जिना नको. एकच बंद दार आणि ते सगळ्यांच्या नजरेसमोर.

२७ जून

सकाळ टाउन हॉलमध्ये घालवली. आपण तिथं संग्रहालय म्हणून जातो, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू बघतो, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ती चिमुकली मूर्ती बघून नवल करतो, आणि इमारतीकडे मान वर करून बघायचं राहून जातं. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली, गॉथिक धाटणीची. टोकदार कमानी, उंच उतरती छपरं, दगडी भिंती. मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला न्यू पॅलेस त्यानंतरचा, १८८४ मध्ये पुरा झालेला. म्हणजे युरोपातल्या भयकथांना जे घर लागतं त्याची कमान आपल्याकडे भाऊसिंगजी रोडवरच उभी आहे.

बराच वेळ वाटत राहिलं की वाड्याला अशी एखादी कमान द्यावी, आजोबांनी हौसेनं बांधून घेतलेली. दुपारी घरी येऊन ती कल्पना सोडली. त्या कथांतली भीती उंचावर असते, मनोऱ्यात, जिन्याच्या शेवटी, सरदाराच्या बंद दालनात. आमच्या घरातली भीती बघायला वाकावं लागतं. ती कणगीमागे असते, आणि तिच्यावरून दर सणाला सारवणाचा हात फिरतो. राजवाड्याशी हिचा संबंध नाही.

६ जुलै

शुक्रवार पेठेत पुरानंतर घरं दुरुस्त केलेल्या एका जुन्या गवंड्यांशी बोलले. तासभर बसायचं म्हणून गेले होते, दुपार तिथंच गेली.

मातीच्या भिंतीचं त्यांनी सांगितलेलं इथं तपशिलानं लिहून ठेवते, कारण याच्यावर पहिला भाग उभा राहणार आहे. जोतं दगडी असतं, त्याला पाण्याचं काही नाही. वर पांढऱ्या मातीची दीड-दोन हात जाडीची भिंत. पूर असतो तोवर पाणी आतही आणि बाहेरही, त्यामुळं भिंत तग धरते. पाणी उतरलं की खरी काळजी. माती पाणी पिऊन जड झालेली असते, पायाशी मऊ पडलेली असते, वर माडीचं आणि कौलांचं वजन तेवढंच. ऊन पडलं की बाहेरची साल वाळते, आतला गाभा ओलाच राहतो. मग भिंतीला पोट येतं. गिलावा आधी पोकळ वाजायला लागतो, मग पापुद्रे सुटतात. “पाणी असताना कोण मरत न्हाई बाई, पाणी गेल्यावर घरात झोपायला जात्यात आन् मरत्यात,” असं ते म्हणाले.

मला हवं होतं ते घड्याळ यातून मिळालं. अश्विनी आणि आत्ती घरात परत येतात. पहिल्या दिवशी माजघराच्या भिंतीवर फक्त ओल आहे. चौथ्या दिवशी वरचा रंग सुटलाय, खालचा चुना दिसतोय. आठव्या दिवशी चुनाही गेला, खाली शेणामातीचं लिंपण. मग त्या लिंपणात एक सरळ उभी भेग. भेगा वाकड्यातिकड्या जातात, ही ओळंब्यात आहे. ती दाराची कड आहे. कुणी हात न लावता घर आपणहून उघडायला लागतं. भुताची गरजच पडत नाही.

१८ जुलै

पाऊस लागून राहिलाय. घरोघरी फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघणं सुरू आहे. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला ५६ च्या वर.

मग मी २०१९ का घेतलं? २०२१ ला माणसं शहाणी झाली होती, वेळेत बाहेर पडली. २०१९ ला ज्याच्या त्याच्या मनात २००५ ची खूण होती. तेव्हा इथवर आलं होतं, त्याच्या वर काय येतंय, असं म्हणत माणसं घरात बसून राहिली. आत्तीचंही तसंच. तिच्या घराला जुन्या पाण्याच्या खुणा आहेत, आणि जुनं ते शेवटचं असा तिचा विश्वास आहे. तिचा सगळा स्वभावच या वाक्यावर बेतायचा.

पहिली दोन प्रकरणं लिहून झाली.

२ ऑगस्ट

आता गुपित लिहून टाकलं पाहिजे. ते १९४८ चं आहे.

३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारणारा ब्राह्मण आहे हे कळल्यावर पुढच्या दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ब्राह्मणांची घरं आणि दुकानं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. कोल्हापूर तेव्हा अजून संस्थान होतं, मुंबई प्रांतात विलीनीकरण व्हायला १ मार्च १९४९ उजाडला. कितीतरी कुटुंबं निघून गेली ती पुन्हा राहायला आली नाहीत. कितीतरी जणांना शेजाऱ्यांनी स्वतःच्या घरात घेऊन वाचवलं. हे दोन्ही एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घराच्या बाबतीत घडलं. मला त्या एका घराबद्दल लिहायचं आहे.

वडीलधाऱ्या माणसांकडून या दिवसांबद्दल लहानपणापासून ऐकत आले. धुराचं सगळे सांगतात. आपल्या घरानं कुणाला लपवलं ते अभिमानानं सांगतात. गेलेल्या माणसांच्या घरांचं पुढं काय झालं, इथं आलं की चहा विचारला जातो.

अश्विनीच्या आजोबांनी, आबांनी, शेजारच्या माईंना घरात घेतलं. माई साठीच्या, केशवपन केलेल्या, दोन्ही घरांत मान असलेल्या. आत्तीला पाटीवर अक्षरं त्यांनीच शिकवली. त्यांची माणसं रात्री निघून गेली, माईंना तापात चालवेना. आबांनी त्यांना बळदात बसवलं, अर्ध्यावर भरलेल्या भातावर पोतं अंथरून. नऊ वर्षांच्या आत्तीला काम दिलं: पाण्याचा तांब्या द्यायचा आणि कडी घालायची. पहिल्या दिवशी दार दोनदा उघडलं. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी गल्लीत जमाव आला, आणि जमावात आबांचा सख्खा भाऊ होता. आबा म्हणाले, “आज उघडायचं न्हाई.” आत्तीनं उघडलं नाही.

पुढं घरात सांगायचं ठरलं ते एवढंच: माई पुण्याला गेल्या.

११ ऑगस्ट

हे मैत्रिणीला वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: “मग माई येतात का रात्री?”

यावर आठवडाभर दुसरं काही सुचलेलं नाही, म्हणून इथं नीट मांडते. आपल्या भुतांच्या गोष्टींत कुणाचं भूत होतं ते बघा. बाळंतपणात मेलेली. विहिरीत ढकललेली. सासरी जाळलेली. जिच्यावर अन्याय झाला तिलाच हडळ करायचं, तिचे पाय उलटे करायचे, तिला लिंबू-नारळाचा उतारा टाकायचा, आणि ज्यानं ढकललं तो घरात पोराबाळांसह सुखानं जेवतो. गोष्ट ऐकणारं पोर त्या बाईला भितं. ढकलणाऱ्याला भीत नाही. मी लहानपणी अशाच गोष्टी ऐकत झोपले आणि मीही त्या बायांनाच भ्यायले.

माईंना मी हडळ करणार नाही. एकदा आपण त्यांना कोंडलं. आता पुन्हा त्यांच्याच नावानं वाचकाला घाबरवायचं, हे मला जमणार नाही. त्या कादंबरीत शेवटपर्यंत सज्जन, आजारी, पोरीला प्रेमानं हाक मारणारी बाई राहतील.

भीती कडी घालणाऱ्या हाताची वाटली पाहिजे. म्हणून घरात घडणारी गोष्ट अशी: अश्विनी त्या दाराची कडी काढून झोपते. सकाळी कडी घातलेली असते. पुन्हा काढते, पुन्हा घातलेली. दाराआडून कुणी बाहेर येत नाही, धक्का मारत नाही, रडत नाही. बाहेरून कुणीतरी रोज ते बंद करतं.

आधी वाटेल आत्ती करते. ते खरंही आहे, आत्ती सत्तर वर्षं रोज संध्याकाळी हेच करत आलीय. मग आत्ती जाते. कडी तरीही घातलेली. शेवटी अश्विनीला तिच्या बोटांवर गंज दिसतो. ती झोपेत उठून स्वतःच घालतेय. घराबरोबर हेही तिच्याकडे आलंय.

हे सुचलं तेव्हा रात्री बराच वेळ दिवा चालू ठेवला होता.

२५ ऑगस्ट

बोलीचं काम. आत्ती कोल्हापुरी बोलेल, अश्विनी पुण्याची भाषा बोलेल आणि राग आला की तिचीही कोल्हापुरी बाहेर पडेल. आमच्याकडे बायका “मी आलो, मी जेवलो, मी केलो” म्हणतात. मीही लिहिताना ‘गेले’ लिहिते आणि घरात ‘गेलो’ म्हणते.

याचा सहाव्या प्रकरणात उपयोग होतोय. रात्री दिंडीवर थाप पडते, बाहेरून आवाज येतो, “मी आलो, दार काढा.” घोगरा, म्हातारा आवाज. पुण्यातल्या वाचकाला तो पुरुषाचा वाटेल. अश्विनीला ठरवता येत नाही, कारण या घरात बाईही असंच म्हणेल. बाहेर कोण आहे हे दार उघडेपर्यंत कळायचा मार्ग नाही, आणि या घराला दार न उघडण्याची सवय आहे.

दवाखान्यातल्या कबुलीचा प्रसंगही याच भाषेत. आत्ती रडत नाही. ती हिशेब दिल्यासारखं सांगते: “सांगितलं तसं केलो. मी कडी घातलो. त्या म्हणाल्या, बाळ, जरा उघड. मी म्हटलो, आबा नको म्हणाल्यात.” यापुढे काही लिहायचं नाही. अश्विनीची प्रतिक्रिया, नर्स, खिडकीबाहेरचा पाऊस, सगळं काढून टाकलं.

१४ सप्टेंबर

प्लेगचं उपकथानक वगळलं. १८९७ नंतरच्या साथीत घरं सोडून माणसं माळावर झोपड्यांत राहिली, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवली, शाहू महाराजांनी साथीशी कसा सामना केला, हे सगळं मोहात पाडणारं आहे. पणजीची एक गोष्ट त्यात बसतही होती. पण एका भिंतीत दोन गुपितं ठेवली की दोन्हींचा धाक जातो. बाजूला काढून ठेवलंय.

१० ऑक्टोबर

नवरात्र. याच आठवड्यात ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडला गेला. करवीर माहात्म्यातली कथा सगळ्यांना ठाऊक आहे. देवीनं कोल्हासुराला मारलं, मरताना त्यानं मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहावं आणि दरवर्षी माझ्या नावानं कोहळा दिला जावा. देवीनं ते कबूल केलं. म्हणजे या गावानं ज्याला मारलं त्याचं नाव स्वतःला लावून घेतलं आणि दरवर्षी ते सगळ्यांसमोर आठवतं.

कोहळ्याच्या फोडीसाठी गर्दी उसळलेली असताना माझ्या डोक्यात आत्तीच होती. आबांच्या घरात माईंचं नाव कुणी घेत नाही. श्राद्धपक्षात नाही, भांडणात नाही. आत्ती ऐंशी वर्षांची असून तिला माईंचं पाळण्यातलं नाव माहीत नाही. हे पाचव्या प्रकरणात टेकडीवरच घातलं. अश्विनी लहानपणी आत्तीबरोबर यात्रेला जायची, आत्ती फोड प्रसाद म्हणून घरी आणायची आणि खायची नाही, माजघराच्या कणगीवर ठेवायची.

११ नोव्हेंबर

किरणोत्सव. तिन्ही दिवस देवळात जाऊन आले. बाहेर पडद्यावरही दिसतं, पण मला पितळी उंबऱ्याच्या जवळून बघायचं होतं.

अंबाबाई पश्चिमाभिमुख. मावळतीचं ऊन महाद्वारातून, गरुड मंडपातून सरळ गाभाऱ्यात येतं. परंपरेनं ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प असलं, वाटेत एखादी इमारत उंच झाली की किरण अलीकडेच थांबतं. वर्षातून दोनदा का, ते कागदावर मांडून बघितलं. दोन्ही वेळा २१-२२ डिसेंबरपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, साधारण एकेचाळीस दिवस अलीकडे आणि तेवढेच पलीकडे. सूर्य दक्षिणेला जाताना आणि परत येताना त्याच जागी मावळतो, कोल्हापुरातून बघितलं तर पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला.

आणि हे मांडता मांडता तारखा समोर आल्या. ३१ जानेवारी, १ फेब्रुवारी, २ फेब्रुवारी. माई बळदात होत्या तेच तीन दिवस.

मी हे ठरवून केलेलं नाही. गांधीजींच्या खुनाच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस मोजले होते, एवढंच. गावात धूर असताना, १९४८ सालीही, आकाश मोकळं असेल तर ऊन देवळाच्या त्याच वाटेनं आत गेलं असणार. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. आणि त्याच वेळी आबांच्या घरात पहिल्या दिवशी दार दोनदा उघडलं, दुसऱ्या दिवशी एकदा, तिसऱ्या दिवशी उघडलंच नाही.

कादंबरीची मांडणी बदलते. तीन भाग: चरण, छाती, मुख. वाडा पश्चिमाभिमुख आहेच, त्याच्या ढेलजेच्या भिंतीत एक झरोका घालते. वर्षातून याच दिवसांत मावळतीचं ऊन त्या झरोक्यातून चौक ओलांडून माजघराच्या उघड्या दारातून आत येतं आणि उत्तरेच्या भिंतीला तिरकं लागतं. अश्विनीला लहानपणचं आठवतं: सगळं घर किरणोत्सवाला देवळात जायचं, आत्ती मागं राहायची आणि झरोक्यात पोतं कोंबायची. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणायची.

त्यामुळे तिसरा भाग ऑगस्टमध्ये ठेवता येत नाही. तो ९ ते ११ नोव्हेंबर २०१९ ला नेला. आत्ती ऑक्टोबरात जाते. अश्विनी त्या तीन संध्याकाळी घरात एकटी आहे, आणि झरोक्यात पोतं नाही.

२६ नोव्हेंबर

मिळकत पत्रिकेचं प्रकरण. वकील असलेल्या एका ओळखीच्या बाईंनी संयमानं सगळं समजावून सांगितलं. शहरातल्या घराला सातबारा नसतो, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका असते, जिला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. त्यावर धारकांची नावं, फेरफाराच्या नोंदी. मुलींकडून हक्कसोडपत्र करून घ्यायची घराघरातली रीत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभरात २००५ ला कायद्यानं मिळाला, तरी रक्षाबंधनाच्या ओवाळणीबरोबर सही मागणारे भाऊ अजून आहेतच.

घरातल्या सगळ्यांना वाटतं आत्ती हिश्श्यासाठी अडून बसलीय. अश्विनी पत्रिका काढते तेव्हा दिसतं की वाडा दोन नंबरांवर उभा आहे. उत्तरेचा सोपा, त्यामागची खोली आणि परड्याचा अर्धा भाग दुसऱ्या नंबरात, आणि त्यावर धारक म्हणून अजून माईंच्या दिराचं नाव. १९४८ नंतर कधीतरी मधला दरवाजा फोडला आणि दोन घरं एक झाली. अश्विनी ज्या खोलीत जन्मली ती त्यांच्यातली नव्हती. बळद दोन घरांच्या सामाईक भिंतीत होतं.

बिल्डरचा वकील म्हणतो, बारा वर्षांच्या वर उघड कब्जा आहे, त्याचं काही अवघड नाही, फक्त तुमच्या आत्याबाईंची सही घ्या. हे वाक्य लिहिताना मला कादंबरीतल्या कुठल्याही रात्रीपेक्षा जास्त थंडी वाजली. कायदा शांतपणे मिटवून टाकतोय आणि एक ऐंशी वर्षांची बाई सही न करून तेवढं एकच नाव जिवंत ठेवतेय.

२० डिसेंबर

माईंचा मृत्यू कसा झाला याचा निर्णय. ताप, तहान की आणखी काही? सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांबद्दल, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांबद्दल, वाचलेलं आणि ऐकलेलं कामी आलं. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, ते काही वेळ उघडं ठेवतात. साठवलेलं धान्यही श्वास घेतं, बंद जागेतला प्राणवायू संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. नवं भात, लिंपलेल्या फटी, वरचं झाकण बंद. दोन दिवस दार उघडझाप होत होतं म्हणून हवा खेळत राहिली. तिसऱ्या दिवशी ती खेळली नाही.

आबांना हे ठाऊक होतं का? शेतकरी माणूस, ठाऊक असणार. त्या दिवशी आठवलं का? हे मी लिहिणार नाही, आत्तीलाही माहीत नाही. आत्तीला एवढंच माहीत आहे की माईंचा आवाज हळूहळू झोपाळू होत गेला आणि तिला वाटलं त्यांना झोप लागली, बरं झालं.

११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी अश्विनी दार उघडते तेव्हा आत भाताचा तूस आणि तांब्या आहे. सांगाडा नाही. आबांनी रात्री घाटावर नेऊन सगळं केलं होतं, एकट्यानं. तांब्या मात्र त्यांना परत घेववला नाही.

१२ जानेवारी

पहिला खर्डा चौघांना वाचायला दिला होता. तिघांचं येऊन पोचलं.

एकाला दुसरा भाग संथ वाटतो. भिंतीचे आठ दिवस पाच करता येतील का ते बघते, पण गिलाव्याचं पोकळ वाजणं ठेवणार. दुसऱ्या वाचक बाईंनी आत्तीच्या तोंडी असलेले ‘करालीस’, ‘जायलीस’ तपासून दिले. त्यांचा कान माझ्यापेक्षा तयार आहे, सगळं मान्य.

तिसरे वडीलधारे. ते म्हणाले, “हे उकरू नको. दोन्ही बाजूंना लागेल.” मी त्यांच्यासमोर वाद घातला नाही, पण इथं लिहून ठेवते. कादंबरीत जात जाळायला आलेली नाही, माणसं आलीत, त्यांना नावं आणि नाती आहेत. माईंना घरात घेणारे आबाच आहेत, आणि तिसऱ्या दिवशी भ्यालेलेही आबाच. मला एका घराला आरोपी करून दुसऱ्याला पूजायचं नाही. पण ज्या मुलीच्या हातून कडी घालून घेतली तिला सत्तर वर्षांत कुणी म्हणालं नाही की बाळ, तो निर्णय तुझा नव्हता. एवढं कुणीतरी म्हणायला पाहिजे, आणि ते म्हणायला आधी ती गोष्ट सांगावी लागते.

२ फेब्रुवारी

शेवटचं प्रकरण तिसऱ्यांदा लिहिलं आणि आता ते राहील. अश्विनी कडी काढून टाकत नाही, दार तोडत नाही. ती सही करत नाही. माईंच्या दिराच्या नावावरून पुण्यात त्यांच्या नातवंडांचा शोध घेते, आणि एका अनोळखी माणसाला फोनवर सगळं पहिल्यापासून सांगायला लागते. पलीकडचा माणूस विचारतो, “त्यांचं नाव काय होतं, तुम्हाला माहीत आहे का?” तो स्वतःच ते सांगतो. नाव कादंबरीत पहिल्यांदा तिथं येतं.

त्या रात्री कडीचं काय होतं, हे मी लिहिलेलं नाही. एका वाचकाला ते हवं आहे. मला वाटतं, अश्विनी झोपेत उठणं एका फोननं थांबणार नाही, आणि थांबलं असं लिहिणं म्हणजे घराला स्वस्तात सोडणं.

९ फेब्रुवारी

पुढच्या खर्ड्यासाठी: झरोक्याची उंची तिन्ही भागांत सारखी हवी, सध्या पहिल्या भागात तो खाली आहे आणि तिथून ऊन चौकाच्या तुळशीवृंदावनावरच अडेल. आबांच्या भावाचा एक प्रसंग वाढवायचा, म्हातारपणी तो या घरात जेवायला येतो आणि माजघराकडे पाठ करून बसतो. जुन्या कागदातला मोडी मजकूर जाणकाराकडून तपासून घ्यायचा. चौथ्या वाचकाचं यायचंय, त्यांच्या घरी उद्या जाईन. नवव्या प्रकरणापासून पुन्हा लिहायला बसते.